एल्फिन्स्टनांच्या जमिनीवरचा अननस

एल्फिन्स्टन कॉलेज मुंबईत कुणाला ठाऊक नाही? पण स्कॉटलंडमधली सर्वांत चक्रम इमारत एकेकाळच्या एल्फिन्स्टनांच्या जहागिरीत उभी आहे, हे कळल्यापासून मला दुसरे काही सुचत नाही. फॉल्कर्कजवळ एअर्थ गावाबाहेरची ही जहागीर 1754 साली डनमोरच्या अर्लांकडे गेली आणि तिचे नावही बदलले. विकणाऱ्या त्या घराण्यातच 1779 मध्ये माउंटस्टुअर्ट जन्मला; खडकीच्या लढाईच्या वेळचा पुण्याचा रेसिडेंट, पुढे मुंबईचा गव्हर्नर; कॉलेजला नाव त्याचेच.

चौथ्या अर्लने तिथे भिंतबंद बाग केली. उत्तरेची भिंत आतून पोकळ, त्या पोकळीतून भट्टीची ऊब फिरवायची. धुराडी दगडी कलशांमध्ये लपवलेली. मधोमध मंडप, त्याच्या कमानीवर 1761 हे साल, आणि वर कळसाच्या जागी अवाढव्य दगडी अननस.

हा कळस कधी चढला? रूढ मत असे, की खालचा मजला 1761 चा, अननस मात्र 1777 नंतरचा. त्याआधी अर्ल व्हर्जिनियाचा गव्हर्नर होता. तिकडे म्हणे सफरीवरून परतलेले खलाशी फाटकाच्या खांबावर अननस टोचून ठेवत. अर्लने तीच गंमत दगडात केली.

मला हे पटत नाही. व्हर्जिनियात अननस उघड्यावर पिकत नाही. उलट स्कॉटलंडच्या काचघरांत तो 1761 च्या कितीतरी आधी धरू लागला होता. ऊबदार भिंतीच्या बागेत अननस सुचायला अटलांटिक कशाला ओलांडायचा? खाली अभिजात खांब आणि वर टोकदार गॉथिक खिडक्या, म्हणून दोन काळ, हा विरोधकांचा हुकमी एक्का. पण स्कॉटलंडमधलाच इन्व्हरेरीचा किल्ला 1746 पासूनच गॉथिक धाटणीत उठत होता! माझ्या मते अननस पहिल्याच आराखड्यात होता. आराखडा कुणाचा? वास्तुविशारद विल्यम चेंबर्सचे नाव घेतात; कागद नाही. मी त्याच्यावर पैज लावणार नाही.

गवंडी मात्र वस्ताद होता. प्रत्येक पानाला पाण्याचा वेगळा निचरा आहे. पाणी साचून गोठले असते, तर दगड केव्हाच तडकला असता. उलट 1820 च्या दशकात विल्यम विल्किन्सने याच जहागिरीत बांधलेला डनमोर पार्क हा वाडा आज पडझडीत आहे. अननसाच्या दोन्ही बाजूंच्या खोल्या लँडमार्क ट्रस्ट सुट्टीसाठी भाड्याने देतो.