छाया (विश्लेषणात्मक मानसशास्त्र)

छाया ही स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल गुस्टाफ युंग (१८७५–१९६१) यांनी मांडलेली विश्लेषणात्मक मानसशास्त्रातील एक संकल्पना आहे. स्वतःविषयीच्या प्रतिमेत न बसल्यामुळे व्यक्तीने नाकारलेले आणि नेणिवेत गेलेले गुण, इच्छा व भावना यांना ही संज्ञा लावली जाते. युंग यांनी छायेची गणना आदिबंधांमध्ये केली असून ‘आयॉन’ (१९५१) या ग्रंथात तिचे विवेचन केले आहे.

स्वरूप

व्यक्ती समाजात वावरताना जो मुखवटा धारण करते, त्याची छाया ही दुसरी बाजू होय. राग, मत्सर, स्वार्थ यांबरोबरच दडपली गेलेली सर्जनशीलताही तिच्यात असू शकते. स्वतःमधील नाकारलेले दोष इतरांवर आरोपित करण्याच्या प्रवृत्तीला प्रक्षेपण म्हणतात. एखाद्याविषयी प्रसंगाच्या मानाने अवाजवी तिटकारा वाटणे हे त्याचे लक्षण मानले जाते. समूहही आपली छाया परक्या गटांवर लादतात, असे युंग यांचे मत होते.

उपचारातील स्थान

उपचारात स्वप्नांचे विश्लेषण व ‘सक्रिय कल्पना’ या तंत्रांचा उपयोग होतो. दुसऱ्या तंत्रात मनात उमटणाऱ्या प्रतिमांशी जाणीवपूर्वक संवाद साधून तो लेखन वा चित्रांतून नोंदवला जातो. युंग यांनी १९१३ पासून हा प्रयोग स्वतःवर केला. त्यातून सिद्ध झालेले ‘द रेड बुक’ २००९ मध्ये प्रकाशित झाले. छायेचे एकात्मीकरण म्हणजे नाकारलेल्या प्रेरणांना मोकळे सोडणे नव्हे, तर त्या आपल्याच आहेत हे मान्य करून त्यांची जबाबदारी घेणे होय.

टीका

ही संकल्पना प्रयोगांनी पडताळून पाहणे कठीण असल्याचा आक्षेप घेतला जातो.