केलाँगचे मोजे : छंद, श्रम आणि संहिता

मराठीत ‘छंद’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक वृत्ताचा, दुसरा आवडीने जोपासलेल्या रिकाम्या वेळच्या उद्योगाचा. संस्कृतातील ‘छन्दस्’ आणि ‘छन्द’ ही दोन वेगळी रूपे मराठीत येऊन एक झाली, एवढाच याचा व्युत्पत्तिशास्त्रीय खुलासा. तथापि लोकरीच्या विणकामाचा विचार करताना हा योगायोग अर्थपूर्ण वाटू लागतो. दोन सुया, एक धागा, मोजून घातलेले सुलट-उलट टाके आणि ठरावीक अंतराने होणारी पुनरावृत्ती ही या कामाची रचना वृत्तासारखीच मात्रांवर चालते. मफलर, कानटोपी, हातमोजे यांसारख्या लहानसहान उबदार वस्तू विणणे हा मनाला निवांत करणारा छंद आहे, हे विधान आज कोणालाही पटावे. प्रस्तुत निबंधाचा प्रश्न वेगळा आहे : हे काम ‘छंद’ केव्हा झाले, कोणासाठी झाले, आणि तसे म्हणताना इतिहासातील कोणता भाग नजरेआड होतो?

आरंभ शब्दांपासूनच करावा लागतो. इंग्रजी भाषा मागावरचे विणणे आणि सुयांवरचे विणणे यांसाठी दोन स्वतंत्र क्रियापदे वापरते. जर्मनही तसेच करते. मराठीचे ‘विणणे’ आणि हिंदीचे ‘बुनना’ ही क्रियापदे मात्र दोन्ही व्यवहारांना पुरतात. शिवाय मराठीने या कामासाठी ‘टाका’ हा शब्द शिवणकामातून घेतला, तर हिंदीने ‘फंदा’ म्हणजे फास हा शब्द योजून क्रियेचे अधिक नेमके वर्णन केले. मराठीची ही उसनवारी समजण्यासारखी आहे. धनगरांच्या मेंढ्यांची लोकर परंपरेने मागावर चढून घोंगडी होते. सुयांवर तिचे मोजे होणे ही महाराष्ट्रातील जुनी रीत नव्हे.

हा भेद केवळ शब्दकोशाचा नाही. साहित्यविचारात ‘संहिता’ या अर्थी रूढ असलेला युरोपीय शब्द लॅटिनमधील ‘विणणे’ या अर्थाच्या धातूपासून आला, हे सर्वपरिचित आहे. परंतु ते विणणे मागाचे आहे. मागावर उभे आणि आडवे असे दोन धागे लागतात, चौकट लागते, एक जागा लागते. सुयांवरच्या विणकामात धागा एकच असतो आणि तो स्वतःच्याच फासातून पुन्हा पुन्हा ओढला जातो. म्हणूनच ते ताणले जाते, टाचेला आणि डोक्याला वळण घेऊन बसते. एक टाका गळला तर तो खालपर्यंत सुटत जातो आणि सगळे उसवले तरी धागा शाबूत राहतो. मुख्य म्हणजे हे काम हातात घेऊन चालता येते, अर्धवट ठेवता येते, बोलता बोलता करता येते. स्त्रियांच्या तुकड्यातुकड्यांनी विभागलेल्या दिवसात ते सामावले, याचे कारण या रचनेत आहे.

इतिहास पाहता विरंगुळ्याचा अर्थ या कामाला बराच उशिरा चिकटलेला दिसतो. सुयांवर विणलेल्या वस्तूंचे सर्वांत जुने ज्ञात अवशेष मध्ययुगीन इजिप्तमधील सुती मोज्यांचे आहेत. युरोपात पुढे ही कला उपजीविकेचे साधन झाली. १५८९ मध्ये विल्यम ली या इंग्रजाने मोजे विणणारी यंत्रचौकट तयार केली, असे मानले जाते. पण हातांचे काम त्यामुळे लगेच थांबले नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवर स्त्रिया पाठीवर इंधनाच्या पाट्या वाहून नेतानाही विणत असत. त्यांना मोबदला बहुधा रोख रकमेत मिळत नसे. व्यापारी त्याऐवजी चहा, कापड असा दुकानातील माल देत. १८७२ मध्ये या वस्तुविनिमयाच्या पद्धतीची सरकारी चौकशी झाली. प्रश्नोत्तरांच्या रूपात नोंदलेल्या त्या साक्षींतून विणणाऱ्या स्त्रियांचा आवाज आजही ऐकू येतो. तो विरंगुळ्याचा आवाज नाही.

त्याच शतकात, त्याच देशात दुसरी परंपराही उभी राहत होती. जेन गॉगेन यांनी १८४० मध्ये एडिंबरोहून मध्यमवर्गीय स्त्रियांसाठी विणकामाचे मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध केले, आणि अशा छापील पुस्तकांनी या कामाला सुसंस्कृत फुरसतीची प्रतिष्ठा दिली. एकच टाका एका घरी भाकरीचा होता, दुसऱ्या घरी शोभेचा. ‘छंद’ ही संकल्पना या दुभंगातून जन्मली, असे म्हणता येईल.

साहित्यानेही विणणारी स्त्री पाहिली. डिकन्सच्या ‘अ टेल ऑफ टू सिटीज’ (१८५९) या कादंबरीतील मादाम दफार्ज मृत्यूस पात्र ठरवलेल्यांची नावे आपल्या विणीत नोंदवते. तेथे विणकाम हीच गुप्त संहिता होते. व्हर्जिनिया वुल्फच्या ‘टू द लाइटहाउस’ (१९२७) मध्ये मिसेस रॅमझी दीपगृहाच्या रखवालदाराच्या आजारी मुलासाठी मोजा विणते आणि आपल्या मुलाच्या पायाशी त्याचे माप लावून पाहते. एरिख आउअरबाख यांनी इस्तंबूलच्या विजनवासात लिहिलेल्या ‘मिमेसिस’ (१९४६) या ग्रंथाचे शेवटचे प्रकरण याच तपकिरी मोज्यावर आहे. माप घेण्याच्या क्षुल्लक बाह्य घटनेभोवती मनातील दीर्घ काळ कसा उलगडतो, हे त्यांनी दाखविले. परंतु या विश्लेषणात मोजा हे निमित्त ठरते. तो तोकडा आहे, अजून विणायचा आहे, आणि थंडीत दुसऱ्याच कोणाच्या तरी पायांना तो हवा आहे, हा त्याचा वस्तुनिष्ठ अर्थ मागे पडतो.

या पार्श्वभूमीवर भारतातील एक उदाहरण तौलनिक अभ्यासकांनी लक्षात घ्यावे असे आहे. हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात, सुमारे ३,१०० मीटर उंचीवरील केलाँग येथे मोरेव्हियन पंथाच्या जर्मन मिशनऱ्यांनी १८५६ मध्ये ठाणे वसविले. त्यांना मंगोलियाकडे जायचे होते. मार्ग न मिळाल्याने ते येथे थांबले. १८५७ मध्ये हाइन्रिश आउगुस्ट येश्के तेथे आले. त्यांचा तिबेटी-इंग्रजी कोश १८८१ मध्ये लंडनहून निघाला आणि तिबेटी विद्येच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान आहे. त्याच ठाण्यात मारिया हाइडे या मिशनरी स्त्रीने लाहौली स्त्रियांना सुयांवरचे विणकाम शिकविण्याची शाळा चालविली. त्यांचे पती विल्हेल्म हाइडे यांचे नाव शरच्चंद्र दास यांच्या १९०२ च्या तिबेटी कोशाचे एक संपादक म्हणून मुखपृष्ठावर आहे.

एकाच ठाण्यातून अशा प्रकारे दोन वस्तू बाहेर पडल्या : कोश आणि मोजा. कोशाला लेखक आहे, वर्ष आहे, आवृत्त्या आहेत. मोज्याला यांपैकी काहीही नाही. परंतु टिकाऊपणाच्या कसोटीवर मोजा कमी ठरला नाही. धर्मांतरित मोजकेच झाले. विणकाम मात्र खोरेभर पसरले. बहुरंगी भौमितिक नक्षीचे लाहौली मोजे आणि हातमोजे पुढे त्या प्रदेशाची ओळख बनले आणि २०२१ मध्ये त्यांना भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. २०२० मध्ये अटल बोगदा खुला होईपर्यंत रोहतांगच्या बर्फामुळे लाहौल दर हिवाळ्यात कुल्लूपासून तुटत असे. त्या बंदिस्त महिन्यांत विणकाम हे ऊब, मिळकत आणि सोबत असे तिन्ही होते. त्याला केवळ ‘मिशनची देणगी’ म्हणणे अपुरे आहे, कारण शिकविणाऱ्या गेल्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या नक्षी जपली आणि बदलली ती शिकलेल्या स्त्रियांनी.

आता विरंगुळ्याकडे परत येता येईल. २०१३ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ ऑक्युपेशनल थेरपी’त प्रसिद्ध झालेल्या, ३,५४५ विणकर व्यक्तींच्या सर्वेक्षणात वारंवार विणणे आणि शांत, आनंदी वाटणे यांचा संबंध आढळला. उत्तरे देणारे मुळातच या कामाचे चाहते होते, हे ध्यानात ठेवूनही हा अनुभव खोटा म्हणता येत नाही. हाताची लय मनाला स्थिर करते. लाहौली किंवा शेटलंडी स्त्रीला ती लय जाणवली नसेल असे मानण्यासही आधार नाही. श्रम आणि सुख हे परस्परांना वगळणारे कप्पे नाहीत. ते वेगळे केले ते बाजाराने आणि यंत्राने. तयार स्वेटर स्वस्त झाल्यावर हाताने विणणे अनावश्यक ठरले, आणि अनावश्यक ठरल्यावरच ते शुद्ध ‘छंद’ होऊ शकले.

तेव्हा ‘छंद’ हा शब्द टाकून देण्याचे कारण नाही. त्याचे दोन्ही अर्थ जागे ठेवण्याची मात्र गरज आहे. वृत्त कवीला बांधते आणि मोकळेही करते, तसेच हे मोजलेले टाके. तौलनिक साहित्याभ्यासाने ज्याला संहिता म्हटले, ती मागाच्या प्रतिमेवर उभी आहे : चौकट आहे, कर्ता आहे, पूर्ण झालेले वस्त्र आहे. केलाँगचा मोजा दुसरी प्रतिमा सुचवितो. एकच धागा, अनेक हात, नाव नाही, आणि उसवून पुन्हा विणण्याची सदैव मुभा. मौखिक परंपरेतील ओव्यांचा आपण जसा अभ्यास करतो, तसा या विणीचा करावयाचा झाल्यास कोशाच्या शेजारी मोजाही अभ्यासाच्या मेजावर ठेवावा लागेल.