निरोप पोचला, हे कशावरून?

वऱ्हाडचा कापूस आणि तारायंत्र यांची गाठ एकोणिसाव्या शतकात पडली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि त्यांचे लक्ष वऱ्हाडाकडे वळले. भुसावळहून अकोला, बडनेरा असा येणारा लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोचला. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा फाटा लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. त्याच वर्षी सुएझ ते मुंबई अशी समुद्राखालची तार पडली. कापसाच्या गाठी लिव्हरपूलला पोचायला कित्येक आठवडे लागत, पण तिथला भाव त्याच्या कितीतरी आधी इकडे कळू लागला. त्या भावावर येथील सौदे ठरू लागले.

हा निरोप एकाच तारेवरून सरळ येत नसे. माल्टा, सुएझ, एडन, मुंबई अशा ठाण्यांवर तो उतरवून घ्यायचा आणि पुढच्या तारेवर पुन्हा पाठवायचा, अशी साखळी होती. समजा, मधल्या एका ठाण्यावर एक कागद राहून गेला. पाठवणारा निश्चिंत असे, कारण त्याच्याकडून निरोप गेला होता. घेणाऱ्याला तर काही यायचे होते हेच ठाऊक नसे. सर्व ठाणी सुरळीत चालू आहेत आणि तरी निरोप हरवला आहे, ही या व्यवस्थेची खरी अडचण होती.

यावरचा उपाय साधा होता. प्रत्येक तारेच्या मजकुराआधी तिचा क्रमांक, मूळ कचेरी, तारीख, वेळ आणि शब्दसंख्या पाठवली जाई. एखाद्या कचेरीकडून ४१ नंतर एकदम ४३ क्रमांक आला, की ४२ मागवायचा. शब्द १२ सांगितले आणि ११ च उतरले, की पुन्हा विचारायचे. प्रत्येक ठाण्यावर वेळेची नोंद असल्यामुळे तार कुठे अडकली, हेही शोधता येई.

मात्र शब्द मोजून सगळ्या चुका सापडत नाहीत. मोर्सच्या लिपीत ५ म्हणजे पाच टिंबे आणि ४ म्हणजे चार टिंबे व एक रेघ. शेवटचे टिंब लांबले की ५ चा ४ होतो आणि शब्दसंख्या तीच राहते! भावाच्या तारेत ही चूक महागात पडणार. म्हणून महत्त्वाचे आकडे पुन्हा पाठवून ताडून पाहण्याची पद्धत होती.

तारेतल्या चुकीने पैसा बुडे. रेल्वेत मात्र प्रश्न जिवाचा होता. अकोला ते बडनेरा या मार्गावर बोरगाव, मूर्तिजापूर, कुरुम अशी स्थानके आहेत. दोन स्थानकांमधल्या एका रुळावर एका वेळी एकच गाडी असावी, हा ठोक पद्धतीचा मूळ नियम. गाडी सोडण्यापूर्वी स्टेशनमास्तर पुढच्या स्थानकाकडे ‘लाइन क्लिअर’ मागतो. गाडी सुटल्याचे कळवतो. गाडी पूर्ण आत आली, की पुढचे स्थानक तसे उलट कळवते. प्रत्येक निरोपाची वेळ रजिस्टरात लिहिली जाते.

गाडी ‘पूर्ण’ आली हे कसे ओळखायचे? शेवटच्या डब्यावर मोठी फुली असते, ती आपण सर्वांनी पाहिली आहे. ती दिसली म्हणजे डबे मागे सुटलेले नाहीत. तारेतल्या शब्दसंख्येचेच काम ही फुली करते. निरोप तोंडी द्यायचा असेल, तर छापील तक्त्यातला ‘प्रायव्हेट नंबर’ सांगण्याची रीत आहे. फाटक बंद केल्याची खात्री देताना फाटकवाला असा नंबर देतो आणि स्टेशनमास्तर तो लिहून घेतो. नुसते “हो” पुरत नाही.

भारतातील सार्वजनिक तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण हे प्रश्न संगणकाकडे वारशाने आले. मोठ्या कारखान्यात विक्रीचा, गोदामाचा आणि हिशेबाचा अशी निरनिराळी सॉफ्टवेअर असतात. त्यांना एकमेकांचे निरोप पोचवणारी सॉफ्टवेअर १९९० च्या दशकात पसरली. आयबीएमचे ‘एमक्यूसिरीज’ १९९३ मध्ये आले. या कामाच्या रूढ रीती होप आणि वुल्फ यांनी २००३ मध्ये पुस्तकात एकत्र केल्या. त्यातली नावे पाहा. न पोचलेले निरोप जिथे जमा होतात ती जागा म्हणजे ‘डेड लेटर चॅनल’, टपाल खात्याच्या ‘डेड लेटर ऑफिस’ची आठवण देणारी. जाता जाता निरोपाची प्रत घेणे म्हणजे ‘वायर टॅप’. प्रश्न आणि त्याचे उत्तर यांची जोडी लावणारी खूण म्हणजे तारेच्या क्रमांकाचेच नवे रूप.

देखरेखीचे तत्त्वही तेच आहे. प्रत्येक यंत्र चालू आहे एवढे पाहून भागत नाही. विक्रीकडून १०० मागण्या निघाल्या आणि गोदामात ९९ उतरल्या, तर कुठलाही लाल दिवा न लागता एका ग्राहकाचा माल अडतो. म्हणून जे आले त्याच्या नोंदीइतकेच, जे यायला हवे होते आणि आले नाही त्याकडे लक्ष ठेवावे लागते. यायचे काय होते हे आधी लिहिलेले असेल, तरच शांततेचा अर्थ लावता येतो.

वर्गात करून पाहण्याजोगा एक प्रयोग आम्ही सुचवतो. पाच विद्यार्थी ओळीत बसवावेत. पहिल्याने दहा चिठ्ठ्या एकामागून एक पुढे द्याव्यात. मधल्या एकाला, इतरांच्या नकळत, एक चिठ्ठी दडवायला सांगावे. शेवटच्याला विचारावे, “सगळ्या आल्या का?” मग हाच खेळ चिठ्ठ्यांवर क्रमांक घालून आणि प्रत्येकाला वही देऊन पुन्हा खेळावा. चिठ्ठी कोणत्या दोघांच्या मध्ये हरवली, हे विद्यार्थी वह्या पाहून आपणहून सांगतील.