खासगी दत्तक : कायदा काय सांगतो, खर्च किती येतो

रुग्णालयातून नवजात बालक परस्पर घरी आणण्याच्या प्रकाराला बोलण्यात ‘खासगी दत्तक’ म्हटले जाते. नात्याबाहेरच्या अशा दत्तकाला बाल न्याय अधिनियम, 2015 मध्ये स्थान नाही. अनाथ, सोडून दिलेले वा स्वाधीन केलेले मूल विहित पद्धत डावलून दत्तक घेतल्यास 3 वर्षांपर्यंत कारावास, 1 लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मुलाची खरेदी-विक्री सिद्ध झाल्यास सश्रम कारावासाची मर्यादा 5 वर्षे आहे. रुग्णालयाचा कर्मचारी त्यात असल्यास किमान 3 व कमाल 7 वर्षे. जन्मदाखल्यावर थेट आपलीच नावे लावून देण्याचे मध्यस्थाचे आश्वासन तर सर्वांत घातक. त्यात दस्तऐवज खोटा ठरतोच, शिवाय मायेने वाढवलेले मूल चौकशीत घरातून जाण्याची टांगती तलवार कायम राहते.

मूल सांभाळणे शक्य नसलेल्या मातेने ते बालकल्याण समितीकडे स्वाधीन करावे, असा नियम आहे. फेरविचारासाठी तिला दोन महिने मिळतात. दत्तकेच्छू पालकांनी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या (कारा) संकेतस्थळावर नोंदणी करावयाची असते. दांपत्याचा विवाह किमान 2 वर्षे स्थिर असावा. दोन वर्षांपर्यंतच्या बालकासाठी पती-पत्नीच्या वयांची बेरीज 85 पेक्षा अधिक नसावी. एकट्या पुरुषास मुलगी दत्तक घेता येत नाही. अंतिम आदेश सप्टेंबर 2022 पासून न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. प्रतीक्षा मात्र प्रदीर्घ, अनेकदा काही वर्षांची असते, आणि दलालांचे फावते ते नेमके याच काळात.

खर्चाचे म्हणाल तर तो ठरलेला आहे. 2022 च्या नियमावलीनुसार देशांतर्गत दत्तकासाठी नोंदणी व गृह अध्ययन अहवालाचे 6 हजार, संस्थेचे 50 हजार आणि दत्तकानंतरच्या दोन वर्षांतील चार भेटींचे प्रत्येकी 2 हजार, म्हणजे एकूण 64 हजार रुपये. यापलीकडे ‘देणगी’ मागितली गेल्यास ती देऊ नये; पावतीचा आग्रह धरावा.

नात्यातील दत्तकाची वाट निराळी. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, 1956 अन्वये आईवडील आपले मूल थेट दत्तक देऊ शकतात. मूल साधारणतः 15 वर्षांखालील व अविवाहित असावे लागते. दत्तहोम अनिवार्य नाही, परंतु नोंदणीकृत दत्तकपत्र असल्यास न्यायालय दत्तक वैध असल्याचे गृहीत धरते. मोबदला घेणे येथेही दंडनीय आहे. बेळगाव, इंदूर वा वडोदऱ्यातील हिंदू कुटुंबांना हा कायदा लागू पडतो. गोव्याची गोष्ट वेगळी. तेथे पोर्तुगीजकालीन नागरी संहिता अद्याप अमलात असून हिंदूंच्या रूढींसाठी 1880 ची स्वतंत्र संहिता आहे. त्यामुळे बेळगावच्या नातलगाने केलेल्या दत्तकपत्राचा मसुदा पणजी वा मडगावात जसाच्या तसा वापरू नये. चुलता, आत्या, मामा, मावशी किंवा आजी-आजोबा मूल घेणार असतील, तर बाल न्याय अधिनियमातील नातलग-दत्तकाची तरतूद गोव्यातही उपलब्ध आहे; त्यासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे चौकशी करता येते.