जेऊर येथील खग्रास ग्रहणाचे वेध : २२ जानेवारी १८९८

शके १८१९ च्या पौष अमावास्येस, म्हणजे शनिवार, दिनांक २२ जानेवारी १८९८ रोजी, खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोकण किनाऱ्यावरून भारतात शिरून ईशान्येकडे गेली. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्याचे जेऊर हे रेल्वेचे ठाणे त्या पट्ट्यात होते. अवजड उपकरणे आगगाडीने आणणे तेथे शक्य होते आणि माघाच्या तोंडी तेथील आकाश बहुधा निरभ्र असे. म्हणून या लहान गावी दूरदूरचे ज्योतिर्विद एकत्र आले.

त्यांत अमेरिकेतील लिक वेधशाळेचे डब्ल्यू. डब्ल्यू. कॅम्बेल होते. त्यांचा छायाचित्रक चाळीस फूट लांबीचा होता. एवढी नळी हलविणे दुष्कर, म्हणून ती स्थिर ठेवून आतील काचपट्टीच सूर्याच्या गतीनुसार सरकविण्याची योजना होती. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेतर्फे कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी स्वतंत्र पथक उभारले. खग्रास स्थिती अवघी दोन मिनिटांच्या आसपास टिकणारी असली, तरी तीसाठी कित्येक दिवसांची पूर्वतयारी करावी लागली.

वेधांचा मुख्य विषय सूर्याचा किरीट हा होता. त्याच्या वर्णपटातील हिरवी रेषा ५३१७ अँगस्ट्रॉमवर असल्याचे तोवर मानीत. या ग्रहणाच्या वेधांवरून ती ५३०३ च्या जवळ असल्याचे ठरले. पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी ती जुळेना, म्हणून ‘कोरोनियम’ नामक अज्ञात द्रव्य कल्पिले गेले होते. पुढे १९४० नंतर स्वीडनच्या एडलेन यांनी ती तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाची असल्याचे दाखविले. किरीटाचे तापमान दहा लाख अंशांच्या घरात असल्याखेरीज हे संभवत नाही. अचूक तरंगलांबी हाती नसती, तर हा उलगडा झाला नसता.

याच दिवशी नॉर्मन लॉकियर विजयदुर्गी वेध घेत होते. हेलियमचा शोध त्यांनी १८६८ च्या ग्रहणात त्या किल्ल्यावरून लावला, अशी समजूत रूढ आहे. ती ग्राह्य नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाचा वेध गुंटूर येथे जान्सेन यांनी घेतला. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते आणि त्यांनी ग्रहणावाचून त्याच वर्षी २० ऑक्टोबरला सूर्याचे वर्णपट पाहिले. तीस वर्षांच्या अंतराने घडलेल्या दोन घटना लोकस्मृतीने एक केल्या.

जेऊरच्या वाट्याला अशी आख्यायिका आली नाही. मात्र विश्वसनीय लेख आला. नायगामवाला यांचा अहवाल १९०२ मध्ये पुण्याच्या वेधशाळेच्या प्रकाशनांचा पहिला खंड म्हणून निघाला. ती वेधशाळा १९१२ मध्ये बंद होऊन तिची उपकरणे कोडाईकनाल येथे गेली. तथापि एका भारतीय संशोधकाने सोलापूरच्या माळावरून विदेशी पथकांच्या बरोबरीने केलेले कार्य त्या अहवालात सुरक्षित आहे. जिल्ह्याच्या इतिहासात २२ जानेवारीची नोंद त्याच्याच आधारे व्हावयास हवी.