गायकी कुठे गेला? करडीच्या गोठ्यातला इतिहास

इतिहास म्हटलं की आपल्याला किल्ले आणि लढाया आठवतात. आज मात्र मी तुम्हाला आमच्या गोठ्यात नेणार आहे. गाव करडी, तालुका मोहाडी, जिल्हा भंडारा. धानाचा आणि तलावांचा मुलूख.

माझी आजी अंधारातच उठायची. शेण काढणं, अंगणात सडा, गव्हाणीत तणस, म्हशीची धार. "काहून रे, उठ ना! गायकी आला!" असा तिचा आवाज आला की मी डोळे चोळत दावी सोडायचो. गावाची सारी गुरं आखरावर जमायची आणि गायकी त्यांना घेऊन जंगलाकडे निघायचा. सांजेला कळप परतला की एकेक गाय बरोबर आपल्याच दारात वळायची. गायकीची वर्षाची मजुरी धानात, तीही सुगी झाल्यावर.

मला वाटायचं, रानात चराई म्हणजे फुकटची सोय. पण तो चक्क कागदावरचा हक्क होता!

इंग्रजांच्या काळात भंडारा मध्य प्रांतात होता. गावाचा सारा मालगुजार भरायचा आणि गावची पडीक जमीनही त्याच्याच ताब्यात असायची. तरी सरपण, चारा, चराई यासाठी गावकऱ्यांना तिचा वापर करता यायचा. त्याला म्हणत निस्तार. गावाच्या अशा रूढी 'वाजिब-उल-अर्ज' नावाच्या कागदात नोंदवल्या जात. ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी संपली. आपण ज्यांना 'मामा तलाव' म्हणतो ना, ते हेच, माजी मालगुजारी तलाव! पुढे १९५६ मध्ये भंडारा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. पण निस्तार कायद्यातून गेला नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ उघडून बघा. कलम १६१ निस्तार पत्रकाचं, कलम १६५ वाजिब-उल-अर्जाचं.

कागद राहिला, पण कुरण आटत गेलं. पडीक जागेवर कुठे घरं झाली, कुठे धानाच्या बांध्या. आमच्या जवळचं कोक्याचं जंगल २०१३ मध्ये अभयारण्य झालं. वाघ-बिबट्यांना जागा हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण गुरांनी जायचं कुठे?

तिकडे बांधीत ट्रॅक्टर आला. रोवणीआधीची चिखलणी बैलांच्या हातून गेली. हार्वेस्टर आला तसं तणसही पूर्वीसारखं घरी येईना. तणस नाही म्हणून गुरं कमी, गुरं कमी म्हणून शेणखत कमी, आणि मग युरियाच्या गोण्या. बाबांनी बैलजोडी विकली त्या दिवशी खरं सांगू? मी खूश होतो. सकाळचं दावं सोडणं सुटलं!

गुरं घटली तशी गायकीची मजुरीही घटली. त्याची पोरं कामाला बाहेर गेली आणि एका वर्षी आखरावर कोणी आलंच नाही.

हा गायकी कोण होता? विदर्भात गुरं राखायचं काम पिढ्यानपिढ्या गोवारी समाजाने केलं. दिवाळीला ढाल घेऊन वाजतगाजत येणारी हीच माणसं. २३ नोव्हेंबर १९९४ ला अनुसूचित जमातीच्या सवलतींसाठी ती नागपूरला विधानभवनावर मोर्चा घेऊन गेली. तिथे चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जीव गेले. त्यात बायका-मुलं पुष्कळ होती. ज्यांच्या भरवशावर आपली गुरं रानात जायची, त्यांची ही गोष्ट मला शाळेत कोणी सांगितली नाही.

आज आमच्याकडे एक म्हैस आणि तिचं वगार. चराईला कोण नेतं? कोणीच नाही. आई रोज धुऱ्यावरचं गवत कापते आणि भारा डोक्यावर घेऊन येते. म्हणजे गायकीचं काम संपलं नाही, ते आईकडे आलं. फरक इतकाच, की गायकीला वर्षाकाठी धान तरी मिळायचं.

परवा मी तिला म्हटलं, "आई, विकून टाकू म्हैस." ती म्हणाली, "मग सड्याले शेण कोणाकडं मागू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी भारा मात्र मी आणला. मान अजून दुखून राहिली!

तुमच्या गावात गुरं कोण न्यायचं? त्याला काय मिळायचं? आजी-आजोबांना विचारा, मोबाईलवर रेकॉर्ड करा. आणि विदर्भातले असाल तर गावाचं निस्तार पत्रक एकदा मागून बघा. भेटू पुढच्या भागात!