बाटली का फुटली? अल-बिरुनी आणि इब्न सिना यांच्या वादाची गोष्ट

माझ्या लहानपणी एक रमजान ऐन उन्हाळ्यात आला होता. घरात फ्रीज नवीनच आलेला. इफ्तारच्या सरबतासाठी गार पाणी हवं म्हणून अम्मीने काचेची बाटली तोंडापर्यंत भरली, घट्ट बूच लावलं आणि बर्फाच्या कप्प्यात ठेवून दिली. असरच्या नमाजनंतर कप्पा उघडला तर बाटली उभी चिरलेली आणि आत बाटलीच्याच आकाराचा बर्फ.

‘थंडीनं फुटली,’ अब्बा म्हणाले. मी नुकताच शाळेत शिकलो होतो की वस्तू उष्णतेने प्रसरण पावतात आणि थंडीने आकुंचन पावतात. मग मी विचारलं, ‘थंडीनं पाणी आकसलं असेल, तर बाटलीत उलट जागा व्हायला हवी. ती फुटली कशी?’ अब्बा गप्प राहिले. मामू तिथेच बसले होते. ते म्हणाले, ‘रोजा लागलाय याला. सवाल कमी कर, दुआ जास्त कर.’ सगळे हसले. मीही हसलो आणि तो प्रश्न तिथेच राहिला.

बऱ्याच वर्षांनी अल-बिरुनी आणि इब्न सिना यांच्या पत्रव्यवहाराबद्दल वाचत होतो. त्यात माझा तोच प्रश्न समोर आला. एक हजार वर्षांपूर्वी बिरुनीने जवळपास तसाच तो विचारला होता: थंडीने वस्तू आकसतात, तर पाणी गोठल्यावर भांडं का फुटतं?

दोन तरुण, अठरा प्रश्न

या दोघांची नावं आपल्या समाजात फार अभिमानाने घेतली जातात. कुणी विज्ञानाचा विषय काढला की आपण लगेच म्हणतो, ‘आमच्याकडे बिरुनी होता, इब्न सिना होता.’ त्यांची दाढीवाली, पगडीवाली चित्रं पाहून ते जन्मतःच म्हातारे आणि शहाणे होते असं वाटतं. प्रत्यक्षात हा वाद झाला तेव्हा दोघेही तरुण होते.

बिरुनीचा जन्म 973 सालचा, ख्वारिज्मचा. अरल समुद्राच्या दक्षिणेकडचा हा प्रदेश आज उझबेकिस्तान आणि तुर्कमेनिस्तानात विभागला आहे. त्याचा ओढा गणित, खगोल आणि मोजमाप यांकडे. मे 997 मध्ये चंद्रग्रहण होतं. बिरुनीने ते ख्वारिज्ममधल्या काथ शहरातून पाहिलं आणि ठरवून त्याच वेळी बगदादमधून गणिती अबुल वफा यांनी पाहिलं. ग्रहण एकच, पण दोन्ही शहरांतल्या स्थानिक वेळा वेगळ्या. त्या फरकावरून दोन शहरांच्या रेखांशातलं अंतर काढता आलं. शेकडो कोस दूर असलेल्या दोन माणसांनी पत्रांच्या आधारे केलेला हा प्रयोग होता.

इब्न सिना त्याच्याहून सात वर्षांनी लहान. जन्म 980 सालचा, बुखारा शहराजवळच्या अफ्शना गावचा. पोरसवदा वयातच हकीम म्हणून त्याचं नाव झालं. सामानी सुलतान नूह बिन मन्सूर याच्यावर उपचार केल्यावर त्याला शाही ग्रंथालय खुलं झालं. बिरुनीचा भर मोजण्यावर होता, तर इब्न सिनाचा भर सगळ्या ज्ञानाची एका सूत्रात मांडणी करण्यावर. ते सूत्र त्याने मुख्यतः अ‍ॅरिस्टॉटलकडून घेतलं होतं.

बिरुनीने या तरुण हकिमाला अठरा प्रश्न पाठवले. त्यातले दहा अ‍ॅरिस्टॉटलच्या आकाशाविषयीच्या ग्रंथावर होते आणि आठ त्याचे स्वतःचे. इसवी सन 1000 च्या आसपास लिहिलेल्या आपल्या ‘आसार अल-बाकिया’ या ग्रंथात बिरुनीने इब्न सिनाशी झालेल्या चर्चेचा उल्लेख केला आहे आणि तिथे त्याला ‘विद्वान तरुण’ म्हटलं आहे. म्हणजे हा वाद घडला तेव्हा विचारणारा पंचविशीच्या आसपास होता आणि उत्तर देणारा विशीच्या.

त्या काळात अ‍ॅरिस्टॉटलचा दरारा किती होता, हे लक्षात घ्यायला हवं. अरबी तत्त्वज्ञ त्याला ‘पहिला उस्ताद’ म्हणत. अशा उस्तादाच्या पुस्तकावर पंचविशीतला एक गणिती विचारतो की आकाशाला वजन नाही हे कशावरून? या जगासारखी दुसरी जगं असूच शकत नाहीत हे कशावरून? आणि पूर्वजांनी आकाश बदलताना पाहिलं नाही, एवढ्यावरून आकाश कधीच बदलणार नाही असं कसं म्हणता येईल? डोंगरांबद्दलही लोक असंच बोलतात, पण डोंगर बदलल्याच्या खुणा तर आपल्याला दिसतात, असं बिरुनीने दाखवून दिलं.

बर्फ, बाटली आणि हवा

मला सगळ्यात जास्त आवडतात ते बिरुनीचे घरगुती वाटणारे प्रश्न. पाण्याने भरलेला काचेचा गोळा उन्हात धरला तर पलीकडची वस्तू पेटते, मग हवेने भरलेला गोळा तसं का करत नाही? बाटलीतली हवा तोंडाने ओढून ती पाण्यात उलटी धरली तर पाणी वर का चढतं? बर्फ पाण्यावर का तरंगतो? आणि भांडं का फुटतं?

इब्न सिनाने एकेक प्रश्न घेऊन उत्तरं दिली. फुटणाऱ्या भांड्याबद्दल त्याचं म्हणणं असं की गोठताना आतला पदार्थ आकसतो, त्यामुळे भांड्यात पोकळी निर्माण व्हायला हवी. पण निसर्गात पोकळी असूच शकत नाही, म्हणून भांडं फुटतं. बर्फ तरंगण्याचं कारण त्याने असं दिलं की गोठताना बर्फात हवेचे कण अडकतात आणि ते त्याला बुडू देत नाहीत.

आज आपल्याला ठाऊक आहे की दोन्ही उत्तरं चुकली. पाणी हा विचित्र पदार्थ आहे. इतर बहुतेक द्रव गोठताना आकसतात, पाणी फुगतं. बर्फात पाण्याचे रेणू मोकळ्या जाळीसारखे रचले जातात आणि जागा साधारण नऊ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे भांडं आतून ढकललं जाऊन फुटतं आणि त्याच कारणाने बर्फ पाण्यापेक्षा हलका होऊन तरंगतो. म्हणजे बिरुनीचे ते दोन प्रश्न मुळात एकच होते. उलट्या बाटलीत पाणी चढतं ते बाहेरच्या हवेच्या दाबामुळे. तो दाब मोजायला 1643 साली इटलीत तोरिचेल्लीचा पाऱ्याचा प्रयोग व्हावा लागला.

पण इब्न सिनाला हसण्याचं कारण नाही. घरच्या बर्फाचा तुकडा उजेडात धरून पाहा. मधोमध पांढरट भाग दिसतो, ती खरोखरच अडकलेली हवा असते. त्याचं निरीक्षण खोटं नव्हतं. चूक निष्कर्षात होती, कारण हवेचे बुडबुडे नसलेला स्वच्छ, पारदर्शक बर्फही तरंगतोच. आणि बिरुनीलाही खरं उत्तर माहीत नव्हतं. त्याचं मोठेपण एवढंच की ‘थंडीने वस्तू आकसतात’ हा नियम आणि समोर फुटलेलं भांडं यांचा मेळ बसत नाही, हे त्याने नजरेआड केलं नाही. नियम मोठ्या माणसाचा आहे म्हणून त्याने भांड्याला खोटं ठरवलं नाही.

वाद कुठे घसरला

हा पत्रव्यवहार नेहमीच कडवट नव्हता. अ‍ॅरिस्टॉटलचं म्हणणं होतं की आकाश गोलच असलं पाहिजे, कारण ते अंड्यासारखं किंवा मसुरीच्या दाण्यासारखं असेल तर फिरताना रिकामी जागा उरेल. बिरुनीने भूमितीने दाखवलं की योग्य अक्षाभोवती फिरवल्यास असे आकारही रिकामी जागा न ठेवता फिरू शकतात. यावर इब्न सिनाने मोकळेपणाने दाद दिली. हा आक्षेप चांगला आहे, मीही असंच म्हटलं आहे, अशा अर्थाचं त्याने लिहिलं.

पण आकाशाच्या न बदलण्याचा प्रश्न त्याला झोंबला. त्याने उत्तरात लिहिलं की हे तू ख्रिस्ती तत्त्वज्ञ याह्या अन-नहवीकडून तरी उचललं असशील, नाहीतर मुहम्मद बिन झकरिया अल-राझीकडून. आणि राझीबद्दल त्याचा सूर असा होता की त्याने आपली गळवं आणि मल-मूत्र तपासण्याचं काम करावं, न झेपणाऱ्या विषयात पडू नये.

हे वाचून वाईट वाटतं. राझी म्हणजे देवी आणि गोवर हे दोन वेगळे रोग आहेत हे स्पष्टपणे मांडणारा हकीम. इब्न सिना स्वतःही हकीमच. आपल्याच पेशातल्या एका थोराला त्याने त्याच्या पेशावरूनच हिणवलं. शिवाय प्रश्न कुणाकडून आला याचा प्रश्नाच्या खरे-खोटेपणाशी संबंध काय? डोंगर बदलतात की नाही, हे याह्या ख्रिस्ती असण्यावर ठरत नाही.

बिरुनीही काही संत नव्हता. त्याने प्रत्युत्तर पाठवलं, त्याचा सूर इतका तिखट होता की पुढचं उत्तर इब्न सिनाने स्वतः लिहिलं नाही. त्याच्या वतीने त्याचा शिष्य मासूमी याने ते लिहिलं आणि बिरुनीला भाषेबद्दल समजही दिली. वाद तिथे संपला. कोण जिंकलं, याचा निकाल काही लागला नाही.

त्यानंतरचे डोंगर

मला या गोष्टीतला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. पुढे इब्न सिनाने ‘किताब अल-शिफा’ लिहिला. त्यात डोंगर कसे बनतात यावर तो लिहितो की काही डोंगर भूकंपाने जमीन वर उचलली गेल्यामुळे बनतात, तर काही ठिकाणी पाणी मऊ भाग कोरून नेतं आणि टणक भाग उभा राहतो. यासाठी फार दीर्घ काळ लागतो. म्हणजे डोंगर कायमचे नसतात, हे तोही सांगत होता. गंमत अशी की हा भाग लॅटिनमध्ये गेला तेव्हा युरोपात तो दीर्घकाळ अ‍ॅरिस्टॉटलचाच समजला गेला!

आणि बिरुनी? 1017 साली गझनीच्या महमूदाने ख्वारिज्म जिंकलं आणि बिरुनीला गझनीला नेलं. तिथून तो पंजाबच्या भागात आला, संस्कृत शिकला आणि 1030 च्या सुमारास त्याने ‘किताब अल-हिंद’ पूर्ण केलं. त्यात तो लिहितो की डोंगराजवळच्या नद्यांत मोठमोठे गोटे सापडतात, दूर जावं तसे ते लहान होत जातात आणि समुद्राजवळ उरते ती वाळू. यावरून तो अनुमान काढतो की उत्तर हिंदुस्थानचं हे मैदान एके काळी समुद्र असावं आणि नद्यांच्या गाळाने भरून आलं असावं. याच ग्रंथातल्या मार्गांच्या वर्णनात धारहून दक्षिणेकडे जाताना मऱ्हाट देश आणि पुढे समुद्रकाठची कोकणची राजधानी ठाणे यांचाही उल्लेख आहे. तो स्वतः इथवर आला नाही, ही माहिती त्याने ऐकून लिहिली.

दोघे एकमेकांवर चिडले, पण डोंगर स्थिर नाहीत या एकाच गोष्टीकडे दोघेही आपापल्या वाटेने गेले.

वय वाढलं तशी बिरुनीची वाद घालण्याची रीतही बदललेली दिसते. इथल्या ज्योतिषी पंडितांसमोर आपण आधी शिष्य म्हणून बसलो आणि मग आपल्याला येत होतं ते त्यांना दाखवलं, असं तो सांगतो. पंडितांच्या अहंकाराबद्दल त्याची तक्रार आहेच. ग्रहणाचं खरं कारण ठाऊक असूनही ब्रह्मगुप्ताने राहूचा आधार का घेतला, यावर तो कठोरपणे लिहितो. पण आपलं पुस्तक वाद जिंकण्यासाठी नाही, हिंदूंचं म्हणणं जसं आहे तसं मांडण्यासाठी आहे, असं तो सुरुवातीलाच स्पष्ट करतो. ज्याच्याशी मतभेद आहेत त्याची भाषा आधी शिकायची, ही गोष्ट विशीतल्या त्या पत्रांत नव्हती.

आपण काय घ्यायचं?

आपल्याकडे या नावांचा उपयोग फार एकाच कामासाठी होतो. कुठलाही शोध निघाला की ‘हे तर आमच्या बिरुनीने हजार वर्षांपूर्वीच सांगितलं होतं’ असं म्हणायचं. अंड्याच्या आकाराचा मुद्दा काढून कुणी असंही म्हणेल की केप्लरच्या आधी ग्रहांची लंबवर्तुळाकार कक्षा बिरुनीला सापडली होती. ते खरं नाही. बिरुनीने फक्त अ‍ॅरिस्टॉटलच्या युक्तिवादातलं भोक दाखवलं. ग्रहांची कक्षा केप्लरने 1609 साली मांडली, तीही दुसऱ्यांनी वर्षानुवर्षं केलेली मोजमापं तपासून. बिरुनीला न केलेल्या कामाचं श्रेय दिलं तर त्याने खरोखर केलेलं काम झाकून जातं.

त्याने केलेलं काम होतं विचारण्याचं. ‘पहिल्या उस्तादा’ला त्याने विचारलं आणि तरीही त्याला कुणी बेअदब ठरवून गप्प बसवलं नाही. समोरच्याने चिडून का होईना, एकेका प्रश्नाला उत्तर दिलं. आणि ती सगळी कागदपत्रं, चुकलेल्या उत्तरांसकट आणि कडू शब्दांसकट, नकलून ठेवणारे लोक त्या समाजात होते. आपण ज्याला सुवर्णयुग म्हणतो ते मला तिथे दिसतं. आपल्या घरात एखाद्या पोराने असा प्रश्न विचारला तर आपण काय करतो? त्याला बिरुनीचं नाव सांगतो आणि गप्प बसवतो.

मामूंबद्दल माझ्या मनात राग नाही. त्यांना उत्तर माहीत नव्हतं आणि तसं मुलासमोर म्हणायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मलाही ते सहज जमत नाही. गेल्या रमजानमध्ये माझ्या मुलीने विचारलं, ‘अब्बा, नळाचं गरम पाणी आधी गोठतं की गार?’ ‘गारच,’ असं म्हणून मी विषय संपवणार होतो. मग म्हटलं, ‘मला नक्की माहीत नाही. दोन वाट्या ठेवून बघू.’ वाट्या आम्ही काठोकाठ भरल्या नाहीत.